प्रतिभा, भार आणि दुखापत : जॅक विल्शेअर याच्या फुटबॉल कारकिर्दीचा अभ्यास

प्रस्तावना

क्रीडाविषयक लेखनात 'दुखापतींनी ग्रासलेली कारकीर्द' हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की त्यामागे काही विचारण्याजोगे असू शकते, हेच लक्षात येत नाही. एखाद्या तरुण खेळाडूकडून मोठ्या अपेक्षा बाळगल्या जातात, तो वारंवार जायबंदी होतो, तिशीच्या आसपास निवृत्त होतो आणि मग त्याच्या नशिबाला किंवा त्याच्या नाजूक शरीराला बोल लावून विषय संपविला जातो. इंग्लंडमधील वृत्तपत्रे तर अशा खेळाडूला सरळ 'काचेचा' म्हणून मोकळी होतात. प्रस्तुत लेखात आर्सेनल या लंडनमधील क्लबचा आणि इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचा मधल्या फळीतील खेळाडू जॅक विल्शेअर याच्या कारकिर्दीच्या आधारे या समजुतीची तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे. 'दुखापतप्रवण' हे विशेषण म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीचे वर्णन होय. ते तिचे कारण नव्हे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. विल्शेअरच्या बाबतीत कारणांचा शोध घेऊ लागल्यास आपण त्याच्या शरीररचनेपाशी नव्हे, तर २०१०-११ या एका हंगामापाशी आणि घोट्यातील एका हाडापाशी येऊन पोहोचतो.

उदय

विल्शेअरचा जन्म १ जानेवारी १९९२ रोजी लंडनच्या उत्तरेकडील स्टीव्हनेज या गावी झाला. वयाच्या नवव्या वर्षी तो आर्सेनलच्या प्रशिक्षण केंद्रात दाखल झाला. १३ सप्टेंबर २००८ रोजी ब्लॅकबर्न येथील सामन्यात अखेरच्या काही मिनिटांसाठी तो बदली खेळाडू म्हणून मैदानावर उतरला, तेव्हा त्याचे वय १६ वर्षे २५६ दिवस होते. आर्सेनलकडून लीग सामना खेळलेला तो तोवरचा सर्वांत लहान खेळाडू ठरला. पुढच्या वर्षी युवा संघांसाठीचा एफ. ए. यूथ कप आर्सेनलने जिंकला, त्या संघाचा तो कणा होता. जानेवारी २०१० मध्ये त्याला अनुभवासाठी बोल्टन वाँडरर्सकडे उसनवारीने पाठविण्यात आले. ऑगस्ट २०१० मध्ये, अठराव्या वर्षी, त्याने हंगेरीविरुद्ध इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात पदार्पण केले.

त्याच्या खेळाचे वैशिष्ट्य थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील विवेचनाशी त्याचा संबंध आहे. इंग्लंडमध्ये मधल्या फळीतील खेळाडूची परंपरागत प्रतिमा धिप्पाड, दमदार, लांब पास देणाऱ्या खेळाडूची होती. विल्शेअर ठेंगणा, डावखुरा आणि चेंडू पायाशी घट्ट ठेवणारा होता. बचावपटूकडून चेंडू घ्यायचा, प्रतिस्पर्धी पाठीशी असतानाच वळायचे आणि दोघांच्या मधल्या फटीतून धाव घेत पुढे निघायचे, ही त्याची खास लकब. चेंडू तो अगदी शेवटच्या क्षणी सोडी. प्रतिस्पर्ध्याला अंगावर ओढून घेतल्यावरच सहकाऱ्यासाठी जागा मोकळी होते, हे त्याला उमगलेले होते. अर्थात ज्याच्या पायाशी चेंडू अधिक काळ राहतो, त्याच्याच घोट्यावर अधिक लाथा बसतात. त्याच्या प्रतिभेचे मर्म आणि त्याला असलेला धोका या दोन गोष्टी एकाच हालचालीत सामावलेल्या होत्या.

१६ फेब्रुवारी २०११ रोजी आर्सेनलने चँपियन्स लीगमध्ये बार्सिलोनाला २-१ असे नमविले. झावी, इनिएस्टा आणि बुस्केट्स हे त्रिकूट त्या काळी जगात अजिंक्य मानले जाई आणि त्यांपैकी झावी व इनिएस्टा हे तर विश्वविजेत्या स्पेनचे सूत्रधार. त्यांच्यासमोर एकोणीस वर्षांचा विल्शेअर ज्या निर्धास्तपणे खेळला, तो सामना आजही त्याच्या नावाशी जोडला जातो. त्याच हंगामात इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने त्याला सर्वोत्तम युवा खेळाडूचा पुरस्कार दिला.

एका हंगामाचा भार

या गौरवाची दुसरी बाजू आकड्यांत दिसते. २०१०-११ च्या हंगामात विल्शेअर आर्सेनलसाठी एकूण ४९ सामने खेळला. लीगमधील ३८ पैकी ३५ सामन्यांत तो मैदानावर होता. त्यात राष्ट्रीय संघाच्या सामन्यांची भर पडली. आर्सेनल त्या वर्षी लीग, चँपियन्स लीग, एफ. ए. कप आणि लीग कप अशा चारही स्पर्धांत फेब्रुवारी उलटेपर्यंत टिकून होता. म्हणजे आठवड्यातून दोन सामने हा अपवाद न राहता नित्यक्रम झाला होता. युरोपातील इतर अनेक देशांत नाताळाच्या सुमारास लीगला काही आठवड्यांची सुटी असते. इंग्लंडमध्ये त्या काळी ती नव्हतीच. उलट नाताळ आणि नववर्षाच्या दिवसांतच सामन्यांची सर्वाधिक दाटी असे. आदल्या हंगामापर्यंत नियमित खेळण्याची सवय नसलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलावर हा भार एकदम आला.

हंगामाच्या अखेरीस त्याच्या थकव्याची चर्चा उघडपणे सुरू झाली. त्याने २१ वर्षांखालील युरोपीय स्पर्धेतही खेळावे, असा आग्रह एकीकडे होता, तर आर्सेनलचे व्यवस्थापक आर्सेन वेंगर यांचा त्याला विरोध होता. शेवटी त्या स्पर्धेतून त्याला वगळण्यात आले. परंतु जूनच्या आरंभी स्वित्झर्लंडविरुद्धच्या पात्रता सामन्यात तो राष्ट्रीय संघाकडून खेळला आणि त्या वेळी घोट्याचे दुखणे जाणवू लागले. ३१ जुलै २०११ रोजी न्यूयॉर्क रेड बुल्सविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात अवघ्या काही मिनिटांत त्याला मैदान सोडावे लागले. प्रारंभी हे दुखणे काही आठवड्यांचे वाटले. नंतर ते ताणजन्य अस्थिभंगाचे निघाले, सप्टेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि २०११-१२ चा संपूर्ण हंगाम व २०१२ ची युरो स्पर्धा त्याच्या हातून गेली. तो पुन्हा मैदानावर आला तो २७ ऑक्टोबर २०१२ रोजी, क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध. मधल्या काळात सुमारे सतरा महिने लोटले होते.

ताणजन्य अस्थिभंगाचे स्वरूप

येथे थोडे वैद्यकशास्त्रात शिरणे भाग आहे. अस्थिभंग म्हटला की एखादा आघात आणि हाडाचे दोन तुकडे असे चित्र डोळ्यांसमोर येते. ताणजन्य अस्थिभंग तसा नसतो. त्यात कोणतीही ठळक घटना घडत नाही. १८५५ मध्ये ब्राइटहॉप्ट या प्रशियाच्या लष्करी शल्यवैद्याने दीर्घ संचलनानंतर सैनिकांच्या पावलांना येणारी सूज व वेदना यांचे वर्णन प्रथम केले. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा चाळीस वर्षे अवकाश होता. त्यामुळे हे हाडाचे दुखणे आहे, हे कळण्याचा मार्गच नव्हता. नव्याने भरती झालेल्या सैनिकांत हा विकार विशेषकरून आढळतो, ही बाब लक्षणीय आहे.

हाड ही निर्जीव वस्तू नव्हे. जर्मन शल्यवैद्य जूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार हाडावर जसा भार पडतो, तशी त्याची अंतर्गत रचना बदलत जाते. हा बदल दोन प्रकारच्या पेशी घडवितात. एक प्रकार जुने, झिजलेले हाड विरघळवून काढतो. दुसरा त्या जागी नवे हाड रचतो. गवंडी जुन्या भिंतीचा पोपडा आधी खरवडून काढतो आणि मग नवे लिंपण करतो, तसेच हे काम चालते. मात्र खरवडण्याचे काम काही आठवड्यांत उरकते आणि नवे हाड भरून पक्के होण्यास काही महिने लागतात. म्हणजेच भार वाढल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हाड बळकट होण्याऐवजी तात्पुरते दुबळे होते. त्या अवधीत विश्रांती मिळाली तर ते पूर्वीपेक्षा मजबूत होऊन निघते. विश्रांती न मिळता दर तीन-चार दिवसांनी तोच भार पडत राहिला, तर दुबळ्या जागी सूक्ष्म तडे जातात, ते एकमेकांना मिळतात आणि वेदना सुरू होते. साध्या क्ष-किरण चित्रात आरंभी हा तडा बहुधा दिसत नाही. चुंबकीय प्रतिमेतून तो अधिक लवकर कळतो. खेळाडू तर वेदनेला सरावलेलाच असतो. त्यामुळे 'थोडे दुखते आहे, पण खेळता येईल' या अवस्थेत कित्येक आठवडे निघून जाऊ शकतात.

युरोपीय फुटबॉल महासंघाच्या पुढाकाराने २००१ पासून स्वीडनमधील यान एकस्ट्रांड आणि त्यांचे सहकारी प्रमुख क्लबांतील दुखापतींची शास्त्रशुद्ध नोंद ठेवत आले आहेत. त्यांच्या पहिल्या सात हंगामांच्या अहवालानुसार दर हजार तासांच्या खेळामागे ८ दुखापती होतात. सरावात हे प्रमाण ४.१, तर प्रत्यक्ष सामन्यात २७.५ इतके आहे. पंचवीस खेळाडूंच्या संघाला एका हंगामात सुमारे पन्नास दुखापती अपेक्षित धराव्या लागतात. दुखापत हा अपघात नसून या व्यवसायाचा नित्य खर्च आहे, असेच या आकड्यांवरून म्हणावे लागते. ताणजन्य अस्थिभंग मात्र त्यात विरळा असतो. याच अभ्यासकांच्या दुसऱ्या पाहणीनुसार पंचवीस जणांच्या संघात तो तीन हंगामांतून एखाद्या वेळी आढळतो. त्यांतील बहुसंख्य पावलाच्या बाहेरील लांब हाडाचे असतात. मुख्य म्हणजे ज्यांना तो होतो ते खेळाडू इतरांच्या तुलनेत वयाने लहान असतात. लष्करातील नवा रिक्रूट आणि व्यावसायिक संघात नुकताच आलेला तरुण यांच्यातील साम्य येथे उघड होते. दोघांच्याही बाबतीत शरीराला सवय होण्यापूर्वीच भार वाढलेला असतो.

एक तुलना

विल्शेअरच्याच वयाचा, त्याच क्लबमधील आणि त्याच जागी खेळणारा ॲरन रॅम्सी याचे उदाहरण या संदर्भात उपयुक्त आहे. २७ फेब्रुवारी २०१० रोजी स्टोक सिटीविरुद्ध प्रतिस्पर्ध्याशी झालेल्या टकरीत रॅम्सीच्या नडगीची दोन्ही हाडे मोडली. ते दृश्य इतके भीषण होते की त्याची कारकीर्द संपली, असेच अनेकांना वाटले. प्रत्यक्षात त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून उसनवारीवर खेळू लागला. पुढे २०१४ आणि २०१७ या दोन्ही वर्षी एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यातील निर्णायक गोल त्याच्याच नावावर लागले आणि २०१६ च्या युरो स्पर्धेत वेल्सला उपांत्य फेरीपर्यंत नेण्यात त्याचा मोठा वाटा होता.

मैदानावर सर्वांच्या देखत मोडलेला पाय नऊ महिन्यांत खेळू लागतो आणि कोणालाही न दिसलेला तडा दीड वर्ष घेतो, हे वरवर विसंगत वाटते. पण निरोगी हाड एका आघाताने मोडले तर मोडलेल्या जागेखेरीज बाकीचे हाड धडधाकट असते. ते जुळते आणि काम भागते. ताणजन्य अस्थिभंगात मुळात त्या हाडाची दुरुस्तीची यंत्रणाच मागे पडलेली असते. शिवाय घोट्यातील लहान हाडांवर शरीराचा सगळा भार पडतो आणि तेथील काही भागांत रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. प्रेक्षकांची सहानुभूती मात्र पहिल्या प्रकाराच्या वाट्याला येते. पहिला जखमी वीर ठरतो, दुसरा नाजूक. या न्यायात काही तरी फार मोठी गफलत आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

दुखापतींची साखळी

परतल्यानंतरचा काळ पाहिला तर दुखापतींची यादी दीर्घ आहे. २०१२-१३ मध्ये तो लीगचे २५ सामने खेळला. हंगाम संपताच घोट्यावर आणखी एक लहान शस्त्रक्रिया झाली. मार्च २०१४ मध्ये डेन्मार्कविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात पावलाच्या हाडाला बारीक तडा गेला. नोव्हेंबर २०१४ मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध खेळताना घोट्याचे अस्थिबंध दुखावले. ऑगस्ट २०१५ मध्ये सरावात पायाच्या हाडाला तडा गेला आणि त्या हंगामात लीगचे केवळ तीन सामने त्याच्या वाट्याला आले. २०१६-१७ मध्ये तो बोर्नमथकडे उसनवारीवर गेला, तेथे २७ लीग सामने खेळला आणि एप्रिल २०१७ मध्ये टॉटनहॅमविरुद्ध पुन्हा पायाच्या हाडाला तडा जाऊन त्याचा हंगाम संपला. पहिल्या हंगामातील ३५ हा आकडा तो पुन्हा कधीही गाठू शकला नाही.

या साखळीचे स्पष्टीकरण कसे द्यावे? स्वीडिश लीगमधील २००१ आणि २००२ या दोन हंगामांच्या अभ्यासात असे दिसून आले की पहिल्या हंगामात जायबंदी झालेल्या खेळाडूला दुसऱ्या हंगामात दुखापत होण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत सुमारे २.७ पट होती. मांडीचा मागील स्नायू, जांघ आणि गुडघा यांच्या बाबतीत तीच दुखापत पुन्हा होण्याचा धोका दोन ते तीन पट आढळला. घोटा मुरगळण्याच्या बाबतीत मात्र असा संबंध दिसला नाही. म्हणजे 'एकदा झाले की होतच राहते' हा नियम सरसकट लावता येत नाही. परंतु साधा मुरगळलेला घोटा आणि वर्षभर निकामी राहून शस्त्रक्रिया झालेला घोटा यांत फरक आहे. दीर्घ काळ भार न पडल्यास हाडाची घनता आणि स्नायूंची ताकद घटते. सांध्याची स्थिती मेंदूला कळविणारी सूक्ष्म जाणीव मंदावते. पाऊल टाकण्याची पद्धत नकळत बदलते आणि भार दुसऱ्या जागी सरकतो. अशा शरीराने खेळाडू परततो, तो मात्र त्याच तीव्रतेच्या सामन्यांत. प्रतिस्पर्ध्यांच्या पायांचा मारा थांबलेला नसतो आणि चेंडू उशिरा सोडण्याची विल्शेअरची रीतही बदललेली नसते. त्यामुळे वरील यादीतील काही दुखापती निव्वळ टकरीतून झालेल्या आहेत, हे मान्य करूनही त्यांच्याकडे सुटेपणाने पाहता येत नाही.

त्याची प्रतिभा ओसरली होती, असेही नाही. १९ ऑक्टोबर २०१३ रोजी नॉर्विचविरुद्ध एकस्पर्शी पासांच्या मालिकेतून त्याने केलेला गोल बी.बी.सी.ने हंगामातील सर्वोत्कृष्ट ठरविला. जून २०१५ मध्ये स्लोव्हेनियाविरुद्ध त्याने दुरून मारलेले दोन गोल ज्यांनी पाहिले, त्यांना हा खेळाडू संपला आहे असे म्हणवले नसते. पण हे सारे तुकड्यातुकड्यांत होते.

अनुपस्थितीची किंमत

दुखापतीची मोजदाद साधारणपणे हुकलेल्या सामन्यांत केली जाते. एखाद्या कारखान्यात यंत्र किती दिवस बंद होते, हे मोजण्यासारखेच ते आहे. परंतु एकोणीस ते चोवीस ही खेळाडूची घडण्याची वर्षे असतात. कोणत्या वेळी पुढे जायचे, कोणत्या वेळी थांबायचे, शरीर थकले असता खेळ कसा राखायचा, हे सरावात शिकता येत नाही. सलग सामने खेळूनच ते अंगी बाणते. महाविद्यालयात शिकविणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको. दोन वर्षांचा खंड पडलेला हुशार विद्यार्थी परततो, तेव्हा त्याला केवळ दोन वर्षांचा अभ्यासक्रम भरून काढायचा नसतो. त्याच्या बरोबरीचे दरम्यान जेथे पोहोचले, ते अंतरही कापायचे असते.

मायकेल ओवेन याचे उदाहरण इंग्लंडमध्ये यापूर्वीच घडले होते. १९९८ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध अठराव्या वर्षी त्याने केलेला गोल सर्वज्ञात आहे. एप्रिल १९९९ मध्ये लीड्स येथे मांडीचा मागील स्नायू फाटला आणि त्यानंतर आपला मूळचा वेग परत आला नाही, असे त्याने स्वतःच पुढे सांगितले. तोही सतराव्या वर्षापासून लिव्हरपूलचे जवळजवळ सर्व सामने खेळत होता. त्याने निदान २००१ मध्ये युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा किताब पटकावला. विल्शेअरला तेवढाही अवसर मिळाला नाही.

२०१६ च्या युरो स्पर्धेसाठी रॉय हॉजसन यांनी त्याला संघात घेतले, तेव्हा त्याने त्या हंगामात लीगचे तीनच सामने खेळलेले होते. ही निवड प्रतिभेवरील विश्वासाची की अपरिपक्व घाईची, यावर तेव्हा बराच वाद झाला. प्रस्तुत लेखकाच्या मते ती २०११ च्याच चुकीची पुनरावृत्ती होती. फरक इतकाच की पाच वर्षांपूर्वी दमलेल्या शरीराला खेळविले गेले आणि या वेळी तयारी नसलेल्या शरीराला. २७ जून २०१६ रोजी आइसलँडकडून इंग्लंडचा पराभव झाला. त्या सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरलेला विल्शेअर त्यानंतर राष्ट्रीय संघाकडून कधीच खेळला नाही. तेव्हा त्याचे वय २४ वर्षे होते आणि आंतरराष्ट्रीय सामने ३४.

२०१८ मध्ये त्याने आर्सेनल सोडले. वेस्ट हॅममधील दोन हंगामांत मिळून तो वीसहूनही कमी सामने खेळला. ऑक्टोबर २०२० मध्ये परस्परसंमतीने करार संपुष्टात आला. बोर्नमथमधील अल्पकाळ, मग कोणत्याही क्लबशिवाय काढलेले महिने, त्यानंतर डेन्मार्कमधील आरहूसचा क्लब, असा हा उत्तरार्ध आहे. ८ जुलै २०२२ रोजी, तिसाव्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली.

कोणाचा निर्णय?

या प्रकरणात कोणा एकाला दोषी ठरविणे सोपे आहे आणि इंग्लिश वृत्तपत्रांनी ते वेळोवेळी केलेही. क्लबने त्याला अति खेळविले, राष्ट्रीय संघाने विश्रांती दिली नाही, खेळाडूने स्वतः वेदना लपविली, असे तिन्ही आरोप झाले. परंतु या तिघांपैकी प्रत्येक जण आपल्यापुरता तर्कशुद्धच वागत होता. क्लबला सामना जिंकायचा होता, देशाला पात्रता मिळवायची होती आणि एकोणीस वर्षांच्या मुलाला बार्सिलोनाविरुद्ध खेळायचे होते. एकूण भाराची बेरीज करून 'आता पुरे' असे म्हणण्याचा अधिकार मात्र यांपैकी कोणाकडेही पूर्णपणे नव्हता. आपल्याकडेही चांगला धावणारा विद्यार्थी महाविद्यालय, विद्यापीठ आणि गावचे मंडळ अशा तिन्हींच्या संघांत एकाच महिन्यात खेळतो. त्या तिन्ही ठिकाणच्या प्रशिक्षकांची कधी भेट होते काय, हा प्रश्न क्रीडा विभागांनी स्वतःला विचारावयास हरकत नाही.

निवृत्तीनंतर लगेच, जुलै २०२२ मध्येच, विल्शेअरची आर्सेनलच्या १८ वर्षांखालील संघाचा प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली आणि पुढील वर्षी त्याच्या संघाने एफ. ए. यूथ कपची अंतिम फेरी गाठली. दरम्यान १८ सप्टेंबर २०२२ रोजी ब्रेंटफर्डविरुद्ध आर्सेनलच्या वरिष्ठ संघाने ईथन न्वानेरी या मुलाला अखेरच्या क्षणी मैदानावर उतरविले. त्याचे वय १५ वर्षे १८१ दिवस होते आणि विल्शेअरचा १४ वर्षे टिकलेला क्लबचा विक्रम त्या दिवशी मोडला. तो मुलगाही मधल्या फळीत खेळणारा, डावखुरा आणि चेंडू पायाशी ठेवणारा. प्रीमियर लीगमधील दुसऱ्या सामन्यासाठी मात्र त्याला फेब्रुवारी २०२४ पर्यंत थांबविण्यात आले.